राजीनामा त्यांचा, रांग आपली

न्हावा शेव्याहून सकाळी कॉलेजला निघालात की वाटेत काय काय दिसतं, ते एकदा आठवून बघा. एकामागे एक उभे असलेले कंटेनरचे ट्रेलर. बंदराची गेटं. कस्टम्सच्या पाट्या. उरण लोकल पकडलीत तर रेल्वे. आता यातला एकेक मालक मोजा. बंदर केंद्र सरकारचं, कस्टम्स केंद्राचं, रेल्वे केंद्राची. आपल्या भागात घराबाहेर पडलं की पहिल्या दहा मिनिटांत दिल्ली लागते. महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांचं असं आहे.

आणि तरी ‘तुमचा नगरसेवक कोण, सरपंच कोण’ विचारलं तर पटकन सांगता येतं, ‘खासदार कोण’ म्हटलं की मध्ये दोन सेकंद जातात. तुमचा दोष नाही. आपला मतदारसंघच तसा आहे. लोकसभेला आपण ‘मावळ’मध्ये. पनवेल, कर्जत, उरण घाटाच्या खाली आणि मावळ, चिंचवड, पिंपरी घाटाच्या वर. २००९ च्या निवडणुकीपर्यंत आपण कुलाब्याचे होतो, मग नकाशा बदलला आणि उरणच्या कोळीवाड्याचा आणि पिंपरीच्या कारखान्याचा खासदार एकच झाला.

तर एक कल्पना करा. उद्या सकाळी मोबाइलवर बातमी आली की खासदारांनी राजीनामा दिला. कुठल्या एका माणसाबद्दल बोलत नाहीये, खुर्चीबद्दल बोलतोय. ग्रुपवर मीम्स येतील, चॅनेलवर चर्चा रंगेल, ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द दिवसभरात चाळीस वेळा ऐकू येईल. पण लाखो मतदारांनी रांगेत उभं राहून दिलेली ती जागा रिकामी झाली, म्हणजे नेमकं काय झालं? आणि ती का रिकामी झाली, हे आपल्याला कोण सांगणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सांगायची सक्ती कुणावरच नाही.

राज्यघटनेच्या कलम १०१ प्रमाणे खासदाराने स्वतःच्या सहीनिशी लोकसभा अध्यक्षांना लिहून दिलं आणि अध्यक्षांनी ते स्वीकारलं की जागा रिकामी. १९७४ साली यात एक भर पडली. राजीनामा स्वखुशीने दिलाय आणि खरा आहे, याची अध्यक्षांनी खातरी करायची. कुणी डोक्यावर बंदूक ठेवून सही घेतली नाही ना, एवढंच ते बघणार. पण गंमत पुढे आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत राजीनाम्याचा नमुना दिलाय, तो जेमतेम एका वाक्याचा आहे. त्यात कारणाला जागाच नाही. आणि एखाद्याने कारण लिहिलंच, तर ते वगळायचा आणि सभागृहात वाचून न दाखवण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. तुम्ही कॉलेजला दोन दिवस दांडी मारलीत तर अर्जात कारण लिहावं लागतं, वर पालकांची सही. खासदाराला पाच वर्षांची नेमणूक अर्ध्यावर सोडताना काही लिहावं लागत नाही.

म्हणून पोटनिवडणूक महत्त्वाची. ‘आम्हाला विचारून गेला होतात का?’ हा प्रश्न कायद्याने कुठेच विचारला जात नाही, तो फक्त तिथे विचारता येतो. बोटाला शाई लावून.

महाराष्ट्रात तो गेल्या काही वर्षांत दोनदा ठळकपणे विचारला गेला. एकदा भंडारा-गोंदियात, एकदा साताऱ्यात. दोन्ही ठिकाणी उत्तर जवळजवळ सारखं आलं, पण आतली गणितं अगदी वेगळी होती.

भंडारा-गोंदिया, मे महिन्यातलं मतदान

२०१४ मध्ये भाजपचे नाना पटोले भंडारा-गोंदियातून निवडून आले ते राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांना हरवून. फरक सुमारे दीड लाखाचा. डिसेंबर २०१७ मध्ये पटोलेंनी पक्ष आणि खासदारकी दोन्ही सोडलं. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर पक्षात ऐकून घेतलं जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले.

कायदा सांगतो की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ, ते १९९६ साली आलं. इथे मतदान झालं २८ मे २०१८ ला. म्हणजे सहा महिन्यांच्या आत, पण अगदी कडेला. तोवर लोकसभेचं अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होऊन संपलंही होतं. आख्खं बजेट मांडलं गेलं, मंजूर झालं आणि त्या काळात धान पिकवणाऱ्या या दोन जिल्ह्यांच्या वतीने लोकसभेत उभं राहून बोलायला कुणी नव्हतं.

त्यात मतदान विदर्भातल्या मेमध्ये. ज्यांनी नागपूर-गोंदियाचा मे बघितलाय त्यांना सांगायला नको. त्या दिवशी अनेक ठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रं बिघडली, लोक ताटकळले, काही परत गेले. ४९ केंद्रांवर ३० मेला फेरमतदान घ्यावं लागलं.

निकाल लागला तेव्हा राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे ४८ हजार ९७ मतांनी जिंकले होते, भाजपचे हेमंत पटले हरले होते. बातम्यांत आलं, ‘भाजपला धक्का’. बरोबरच आहे. पण आकडे जरा शेजारी ठेवून बघा. जिंकलेल्या कुकडेंना मिळाली ४ लाख ४२ हजार मतं. २०१४ मध्ये याच मतदारसंघात हरलेल्या प्रफुल्ल पटेलांना मिळाली होती ४ लाख ५७ हजार. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या पराभूतापेक्षा आताच्या विजेत्याची मतं कमी! भाजप सहा लाखांवरून चार लाखांच्या खाली आला. मग ती दोन लाख माणसं गेली कुठे? काही नाराज होऊन घरी बसली असतील, काहींना उन्हाने बसवलं असेल, काहींना ‘एका वर्षासाठी कशाला’ वाटलं असेल. विरोधी पक्षाकडे ती गेली नाहीत, एवढं मात्र आकडे स्पष्ट सांगतात. मतदाराने पक्षाला शिक्षा केली, ती न जाऊन केली.

आणखी एक गोष्ट. ज्यांनी राजीनामा दिला ते पटोले या निवडणुकीत उमेदवारच नव्हते. जागा आघाडीत राष्ट्रवादीच्या वाट्याची होती. आणि जिंकलेले कुकडे स्वतः एके काळचे भाजपचे आमदार. तेव्हा ‘राजीनामा बरोबर होता का’ या प्रश्नावर मतदारांनी शिक्का मारला, असं म्हणायला तिथे जरा अवघड जातं. कुकडेंना वर्षही पूर्ण मिळालं नाही. पावसाळी, हिवाळी आणि निवडणुकीआधीचं छोटं बजेट अधिवेशन, अशी तीन अधिवेशनं झाली आणि पुढच्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारच बदलला. २०१९ मध्ये ती जागा पुन्हा भाजपकडे गेली.

(पटोलेंच्या राजीनाम्यांवर वेगळा लेख होईल. २०१९ ला ते आमदार झाले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी ते पद सोडलं. त्यानंतर विधानसभेला पूर्णवेळ अध्यक्ष मिळाला थेट जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात राज्यात सरकार पडलं आणि नवं आलं. रिकाम्या खुर्चीची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते.)

साताऱ्याची बेरीज

सातारा याच्या उलट. तिथे प्रश्न स्वच्छ होता, कारण राजीनामा देणारेच पुन्हा उमेदवार होते.

एप्रिल २०१९ च्या मतदानात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या घड्याळावर उभे होते. त्यांना ५ लाख ७९ हजार मतं मिळाली, शिवसेनेच्या नरेंद्र पाटलांना ४ लाख ५२ हजार. निकाल २३ मेला लागला. १४ सप्टेंबरला, म्हणजे चार महिने पुरे व्हायच्या आत, उदयनराजेंनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी दिल्लीत भाजपमध्ये प्रवेश केला. २१ ऑक्टोबरला विधानसभेबरोबरच साताऱ्याची पोटनिवडणूक लागली. समोर राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील. माजी सनदी अधिकारी, कराडचे माजी खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल.

आता तुम्ही उदयनराजेंच्या जागी बसून हिशेब करा. स्वतःची पावणेसहा लाख आहेतच. शिवाय एप्रिलमध्ये जी साडेचार लाख विरोधात होती ती युतीची, म्हणजे आता आपलीच. एकूण दहा लाखांच्या वर. समोरच्याकडे उरतं काय? कागदावर ही निवडणूक एकतर्फी होती.

प्रत्यक्षात त्यांना पडली ५ लाख ४९ हजार. श्रीनिवास पाटलांना ६ लाख ३७ हजार. पराभव ८७ हजार ७१७ मतांनी.

सगळ्यांना या निवडणुकीतलं एकच दृश्य आठवतं. १८ ऑक्टोबरची सातारची सभा, धो धो पाऊस, आणि भिजत भाषण करणारे शरद पवार. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी त्या पावसात दिली होती. त्या पावसाने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळं श्रेय पावसाला देऊन टाकलं की खरी गोष्ट निसटते. उदयनराजेंची मतं एप्रिल ते ऑक्टोबर घटली ती फक्त तीस हजारांनी. म्हणजे वरवर बघता माणूस जागेवरच होता. हलली ती बेरीज. पक्ष बदलणारा धरून चालतो की माझी मतं माझ्या खिशात आणि नव्या पक्षाची मतं त्यावर बोनस. साताऱ्यात तसं झालं नाही. ‘राजेंची’ म्हणून समजली जाणारी मतं बरीचशी घड्याळाची निघाली आणि ती घड्याळाकडेच राहिली. राजेंना जी मिळाली त्यात युतीची मतं मोठ्या प्रमाणात असणार, आणि त्यांचं स्वतःचं वलय त्यावर. कुणाची किती हे आकड्यांवरून सुटं करता येत नाही. दोन अधिक दोन मात्र चार झाले नाहीत, हे नक्की.

तुमच्यातले जे स्टॅट्स शिकतात त्यांनी हे दोन निकाल शेजारी मांडून बघावेत. परीक्षेतल्या उदाहरणांपेक्षा मजा येईल.

एक गोष्ट उदयनराजेंच्या बाजूने म्हणायलाच हवी. त्यांनी राजीनामा दिला. पक्ष सोडला तर खासदारकीही सोडली, आणि लोकांसमोर परत गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. तो सांगतो की ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात तो स्वेच्छेने सोडलात तर सदस्यत्व जातं. त्यातून बाहेर पडायचा सरळ रस्ता म्हणजे आधी राजीनामा, मग नवं चिन्ह, मग मतदार. हा रस्ता प्रामाणिक आहे. फक्त त्यावर हरण्याची भीती आहे.

आणि इथेच आपण परत घरी येतो, मावळात.

जिथे राजीनामा झालाच नाही

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. आधी आमदार गेले, मग जुलैमध्ये बहुसंख्य खासदारही एकनाथ शिंदेंसोबत गेले. मावळचे श्रीरंग बारणे त्यांपैकी एक. यात त्यांच्यासह कुणीही लोकसभेचा राजीनामा दिला नाही. द्यायची गरजही पडली नाही, कारण त्यांचा दावाच असा होता की आम्ही पक्ष सोडलेला नाही, पक्ष आम्हीच आहोत. पुढे निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांनाच दिलं. वर्षभराने राष्ट्रवादीतही तेच झालं.

त्या वेळी उरण-पनवेलच्या किती मतदारांना काय वाटलं, हे विचारायची सोय नव्हती. पोटनिवडणूक नाही, म्हणजे प्रश्नपत्रिकाच नाही. ती मिळाली २०२४ मध्ये, दोन वर्षांनी, आणि तेव्हा बारणे ठाकरे गटाच्या संजोग वाघेरेंपेक्षा ९६ हजार ६१५ मतांनी पुढे राहिले. तो निकाल स्वच्छ आहे, त्यावर वाद नाही. पण दोन वर्षांत बाकी शंभर विषय मिसळतात. मोदी, संविधान, कांदा, लाट, उमेदवाराचा स्वतःचा संपर्क. ‘तेव्हा जे केलंत ते बरोबर होतं का’ हा एकटा प्रश्न त्यातून चाळून काढता येत नाही.

म्हणजे बघा, साताऱ्याने राजकारण्यांना काय शिकवलं? राजीनामा देऊन लोकांसमोर गेलेला नेता हरला. त्यानंतर महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष फुटले आणि त्यातल्या एकाही खासदाराने तो रस्ता धरला नाही. एकाच्या पराभवाने बाकीच्यांनी धडा घेतला, असं सिद्ध करता येणार नाही. त्यांच्याकडे कायद्याची वेगळी वाटही होती. पण कोणता रस्ता ओस पडला आणि कोणत्या रस्त्यावर गर्दी झाली, ते दिसतंच आहे.

शेजारच्या कर्नाटकात मात्र गोष्ट वेगळी झाली. २०१९ मध्ये काँग्रेस आणि जनता दलाच्या आमदारांनी राजीनामे दिले, सरकार पडलं, अध्यक्षांनी १७ जणांना अपात्र ठरवलं. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवायला मोकळीक दिली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि भाजपने १२ जिंकल्या. बहुतेक उमेदवार तेच जुने आमदार, नव्या चिन्हावर. तेव्हा मतदार दलबदलूंना नेहमी पाडतात असा नियम काढू नका. साताऱ्यात पाडलं, तिथे उचलून घेतलं. आणि साताऱ्यानेही कायमचं पाडलं नाही. २०२४ मध्ये उदयनराजे भाजपच्या कमळावर पुन्हा खासदार झाले, ३२ हजार ७७१ मतांनी.

खुर्ची रिकामी ठेवणं हाही एक निर्णय

आतापर्यंतच्या गोष्टी राजीनाम्याच्या. एक गोष्ट निधनाची, कारण कायदा दोन्हीला एकच आहे.

३ जानेवारी २०२३ ला चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांचं निधन झालं. चिंचवड म्हणजे आपल्याच मावळ लोकसभेतला भाग. २६ फेब्रुवारीला तिथे पोटनिवडणूक झालीसुद्धा. दोन महिने लागले नाहीत. २९ मार्चला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. चिंचवडच्या शेजारचं शहर, तीच सरकारी यंत्रणा, जवळपास तेच अधिकारी. पोटनिवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं असं, की २०२४ च्या तयारीत यंत्रणा गुंतलीये आणि नव्या खासदाराला मिळणारा काळही फार थोडा असेल.

कायद्यात दोन अपवाद आहेत. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर पोटनिवडणूक नको. किंवा ती सहा महिन्यांत घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. बापट गेले तेव्हा सव्वा वर्षाच्या आसपास मुदत बाकी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची कारणं फेटाळली आणि पोटनिवडणूक तातडीने घ्या असं सांगितलं. जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तोवर मूळ निवडणूकच दारात आली होती. पुण्याला खासदार मिळाला ४ जून २०२४ ला, चौदा महिन्यांनी.

त्या चौदा महिन्यांत २० सप्टेंबर २०२३ हा दिवस येतो. महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं तो. ४५४ विरुद्ध २. विधेयक पुण्याच्या मताशिवायही आरामात पास झालं, हे खरं. पण देशाच्या लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा द्यायच्या की नाही हे ठरत असताना पुणे नावाच्या शहराचं बटण दाबायला कुणी नव्हतं. चंद्रपूरचंही नव्हतं. तिथले खासदार बाळू धानोरकर मे २०२३ मध्ये गेले होते.

हेच आपल्याकडे झालं तर? २०२० च्या सप्टेंबरमध्ये लोकसभेने प्रमुख बंदरांचा नवा कायदा मंजूर केला. त्याच कायद्याने जेएनपीटीतला ‘ट्रस्ट’ जाऊन ‘प्राधिकरण’ आलं, कारभाराची सगळी रचना बदलली. ज्या जमिनीवर हे बंदर उभं आहे तिथल्या शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन अजून भांडणातच आहे. हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना वाळवी लागलीये, ही तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातली गोष्ट. असा कायदा चर्चेला यावा आणि त्या दिवशी मावळची खुर्ची रिकामी असावी, एवढंच डोळ्यांसमोर आणा. खासदार असता तर तो बोललाच असता याची हमी नाही. पण नसलेल्या खासदाराला ‘का बोलला नाहीत’ असं विचारताही येत नाही.

पोटनिवडणुकीवर नेहमी एक आक्षेप येतो तो खर्चाचा. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राच्या तिजोरीतून होतो, म्हणजे तुमच्या-माझ्या. एखाद्याने पक्ष बदलायचा किंवा दोन जागा जिंकून एक सोडायची, आणि बिल लोकांनी भरायचं, हे चिडण्यासारखं आहेच. निवडणूक आयोगाने २००४ मध्ये सुचवलं होतं की एकाने एकच जागा लढवावी, आणि ते जमत नसेल तर जागा सोडणाऱ्याकडून लोकसभेसाठी दहा लाख रुपये घ्यावेत. झालं काहीच नाही. २०२४ मध्ये राहुल गांधींनी रायबरेली ठेवून वायनाड सोडलं, पोटनिवडणुकीत प्रियंका गांधी चार लाखांहून जास्त मतांनी आल्या. त्या मतदारांना त्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही. मला विचाराल तर सोडणाऱ्याकडून पैसे जरूर घ्यावेत, पण खर्चाचं कारण देऊन निवडणूकच टाळावी हे पटत नाही. पुण्याचा तेवढा खर्च वाचला असेल. पुणेकरांना काय मिळालं?

कारण सांगून गेलेले

राजीनामा म्हणजे पक्षांतर किंवा तडजोड, असं तुम्हाला वाटायला लागलं असेल तर जरा मागे जाऊ. १९५६. केंद्रात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि लोकसभेत कुलाब्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे खासदार. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबईत आंदोलकांवर गोळीबार झाला, त्याची चौकशी नाही. देशमुखांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून, पंतप्रधान नेहरूंच्या समोर, कारणं सांगितली. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा काँग्रेसकडून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. पुढे याच कुलाब्यातून दि. बा. पाटील दोनदा लोकसभेत गेले. दुसऱ्यांदा गेले ते १९८४ च्या डिसेंबरात, देशभर काँग्रेसची लाट असताना. त्याच वर्षी जानेवारीत जासई-दास्तान आणि पागोट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले होते. इथल्या मतदाराला लाट थोपवता येते, त्याला एक ठोस कारण लागतं.

ब्रिटनचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. तिथे खासदाराला सरळ राजीनामाच देता येत नाही! एक जुनं, नावापुरतं सरकारी पद घ्यायचं, त्यामुळे जागा आपोआप जाते, असा शेकडो वर्षांचा आडमार्ग आहे. २००८ मध्ये डेव्हिड डेव्हिस या हुजूर पक्षाच्या खासदाराने तो वापरला. कारण असं, की संशयितांना आरोप न ठेवता ४२ दिवस डांबण्याच्या सरकारी प्रस्तावाला त्याचा विरोध होता. जागा सोडली आणि त्याच पक्षातर्फे, त्याच जागेवर, त्याच एका मुद्द्यावर पुन्हा उभा राहिला. मजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही. तो सहज जिंकला. अनेकांनी त्याला नाटकी म्हटलं. असेलही. पण मतदाराला कारण आधी कळलं होतं.

तुमचं नाव यादीत आहे का

आता थोडं कामाचं. सध्याच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली, म्हणजे ती मध्येच बरखास्त झाली नाही तर मुदत जून २०२९ पर्यंत. याचा अर्थ जून २०२८ च्या शेवटच्या आठवड्यानंतर कुठलीही जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होणार नाही. त्याआधी झाली तर सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी, आणि ती अचानक येते. सर्वसाधारण निवडणुकीसारखी वर्षभर आधी हवा तापत नाही, कॉलेजात नोंदणीचे कॅम्प लागत नाहीत. साताऱ्यात राजीनाम्यापासून मतदानापर्यंत ३७ दिवस होते.

पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली तर १ ऑक्टोबरच्या तारखेने अर्ज करता येतो, जानेवारीची वाट बघायला नको. फॉर्म ६, ऑनलाइन भरता येतो. अर्ज भरायच्या म्हणजे उमेदवारांच्या नामांकनाच्या शेवटच्या दिवसानंतर मात्र त्या निवडणुकीसाठी नाव जात नाही, आणि छाननीला वेळ लागतो म्हणून त्याच्या आठ-दहा दिवस आधीच भरलेलं बरं.

जे पुण्याला किंवा मुंबईला हॉस्टेलवर आहेत त्यांनी एक ठरवायचं. नाव एकाच ठिकाणी राहू शकतं. हॉस्टेलच्या पत्त्यावर नेलंत तर मावळच्या पोटनिवडणुकीत तुम्ही फक्त प्रेक्षक. गावचं ठेवलंत तर मतदानाच्या दिवशी यायला लागेल, आणि तो दिवस परीक्षेच्या आदल्या दिवशीही येऊ शकतो. भंडाऱ्यात तो २८ मेला आला होता, भर उन्हात.